पाचवा फास

मोबाइलवरून मागवलेला चाकू मी त्याला दाखवला.
मुठीत होकायंत्र, पात्याला करवतीचे दात,
खोक्यावर बर्फातलं कुठलंतरी रान.
धोंडू झोऱ्यानं तो उलटासुलटा केला,
होकायंत्र कानाशी नेऊन हलवलं.
"उत्तर कुटं हाय ते ठावं हाय की मला.
ह्येनं कारवी तुटंल का, ते सांग."

नोकरीला लागून मला अकरा दिवस झाले होते.
रोजंदारीचा वनमजूर;
खाकी शर्ट मिळाला होता, पट्टा यायचा होता.
तो बावीस वर्षं रोजंदारीवर. त्याचा पट्टा सुतळीचा.

पाटणच्या बाजारात, सुक्या मासळीच्या पलीकडं
तुळाजी लोहार गोणपाटावर कोयते मांडून बसतो.
"धारंकडं बघू नगं, धार कुणीबी लावतंय.
पाठ बघ. नखानं टिचकी मार.
ठण्ण करून रेंगाळलं तर ट्रकच्या पाट्याचं,
ठप्प झालं तर गवतापुरतं."
मी टिचक्या मारत राहिलो.
मला सगळे सारखेच वाजले. हे त्याला सांगितलं नाही.
त्यानं नऊ उचलले, आठ ठेवले,
नववा दोन बोटांवर आडवा तोलला.
चोचीकडं जरासा कलला.
"ह्यो घे. निम्मं काम त्येचं त्योच करतोय."

दांडा मात्र विकतचा नाही.
धामणीचा, चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगलेला.
तो त्याच्या घरी होता. कुणासाठी टांगला होता, विचारलं नाही.
कमरेची आकडीही त्यानंच दिली, घासून बोटाइतकी उरलेली.
माझ्या सामानातलं त्याला एकच आवडलं:
डोक्याला बांधायची बॅटरी.
ती त्यानं अजून परत केलेली नाही.

त्या रात्री हेळवाकच्या वर, ओढ्याच्या वाटेवर
काहीतरी कुत्र्यासारखं भुंकत होतं.
कुत्रं नव्हतं. भेकर.
मागचा पाय, आणि त्याभोवती मोटारसायकलच्या क्लचची वायर.
चाकूचे दात वायरीवरून घसरले.
मी कोयता मारला;
दगडावर बसला, धारेला दात पडला,
दांडा मुठीपाशी उकलला.
"थांब, लोहाराच्या पोरा," तो म्हणाला. मी लोहाराचा नाही.

त्यानं भेकराच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला
आणि खिशातून पक्कड काढली.
साधी, लाल मुठीची, त्यातली एक मूठ निघालेली,
सायकलच्या दुकानात तेलकट डब्यात पडलेली असते तसली.
कट्.
भेकर उठलं नाही.
मग उठलं.
मग नुसती कारवी हलत राहिली.

वाटेवर आणखी चार सापडले.
त्यांच्या खुंटीच्या गाठी त्यानं तोडल्या नाहीत, सोडवल्या,
बॅटरी बंद करून, बोटांनी,
बाजेची सुंभाची गाठ सोडवावी तशा.
मी गप्प होतो, तरी त्यानंच उत्तर दिलं:
"तवा वायर नव्हती. घायपाताचा वाख.
रातभर वळायचा, तेल चोळायचं.
कदी कदी तुटायचा."
ओढा ओलांडल्यावर, बऱ्याच वेळानं:
"तुटायचा ते बरं व्हतं."

पंचनाम्यात चार फास लिहिले.
"चारच?" साहेबांनी विचारलं.
"चारच," धोंडू म्हणाला, पंख्याकडं बघत.

पाचवा माझ्या कोयत्याच्या दांड्यावर आहे.
उकलला होता तिथं त्यानं सात वेढे दिले,
पकडीनं पिळून घट्ट केले,
आणि टोक आत दाबायचं तेवढं राहिलं.
विसरला, की ठेवलं, कळत नाही.
कारवी तोडताना ते तळव्याला लागतं.
मी ते अजून वळवलेलं नाही.